केसपेपरवरची ‘हिस्टरी’

सरकारी दवाखान्याच्या कॅज्युअल्टीत, म्हणजे तातडीच्या विभागात, बाई आली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘काय झालं?’ बऱ्याचदा उत्तरही ठरलेलं असतं. ‘काई नाई मॅडम, न्हाणीत पाय घसरला.’ कधी ते ती देते, कधी शेजारी उभा असलेला नवरा देतो. ड्युटीवरचा इंटर्न मान वर न करता लिहितो, ‘अलेज्ड हिस्टरी ऑफ फॉल’, म्हणजे ‘पडल्याचं सांगतात’, आणि टाके घालायच्या खोलीकडे बोट दाखवतो.

नागपूरकराला शहरातल्या दोन मोठ्या सरकारी दवाखान्यांची पूर्ण नावं लागत नाहीत. ‘मेडिकल’ आणि ‘मेयो’ म्हटलं की पुरतं. भंडारा-गोंदिया-गडचिरोलीपासून छिंदवाडा-बालाघाटपर्यंतचे ‘रेफर’ केलेले रुग्ण इथे येतात. गर्दीच एवढी असते की घसरून पडलेल्या बाईची फार चौकशी करायला कुणाला सवड नसते. पण जखम बोलत असते. पडताना माणूस हात टेकतो, म्हणून तळवा, कोपर, गुडघा सोलवटतो. मार चुकवताना हात चेहऱ्यापुढे येतो, म्हणून कोपर आणि मनगटामधलं, करंगळीच्या बाजूचं हाड मोडतं. मनगटावर फुटलेल्या बांगड्यांच्या बारीक चिरा असतात. पाठीवर एक वळ जांभळा, दुसरा हिरवट, तिसरा पिवळा पडत आलेला असेल, तर पाय एकाच दिवशी तीनदा घसरलेला बहुधा नसतो. आवाज बसलाय आणि डोळ्यांत लाल ठिपके आहेत, तर गळा दाबलेला असू शकतो. ते टाके घालण्यापेक्षा कितीतरी गंभीर.

हे सगळं न्यायवैद्यकाच्या पुस्तकात फार आधीपासून आहे. पण ते शिकवलं गेलं कोर्टासाठी. डॉक्टर म्हणजे साक्षीदार आणि बाईचं शरीर म्हणजे पुरावा, अशी ती मांडणी. विदर्भाने तिची किंमत मोजली. 26 मार्च 1972 च्या रात्री देसाईगंज पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. देसाईगंज तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होतं, आज गडचिरोलीत आहे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिची तपासणी झाली. अंगावर जखमेची खूण नाही, अशी नोंद झाली. चंद्रपूरच्या सत्र न्यायालयाने आरोपी सोडले, 1976 मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांना दोषी ठरवलं, आणि 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडलं. ओरखडा नाही म्हणजे विरोध नाही, असं त्या निकालाचं गणित होतं. 1979 मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार कायद्याच्या अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं आणि देशभर महिला रस्त्यावर आल्या. प्रकरण बलात्काराचं होतं, घरातल्या मारहाणीचं नव्हे. तरी दवाखान्यातल्या एका नोंदीवर काय काय अवलंबून असतं, हे त्यानेच पहिल्यांदा चव्हाट्यावर आणलं.

योगायोग असा की त्याच 1979 मध्ये अमेरिकेतल्या न्यू हेवन शहरात इव्हान स्टार्क, अ‍ॅन फ्लिटक्राफ्ट आणि त्यांचे सहकारी एका इमर्जन्सी विभागाची जुनी कागदपत्रं चाळून निष्कर्ष मांडत होते. दुखापत घेऊन आलेल्या 481 बायकांचे कागद त्यांनी तपासले. डॉक्टरांनी पस्तिसात एकीलाच ‘मारहाण झालेली’ म्हणून ओळखलं होतं. कागद नीट वाचल्यावर ते प्रमाण चारात एकीच्या आसपास निघालं. म्हणजे माहिती केसपेपरवर होतीच. ती एकत्र वाचायचं कुणाला सुचलं नव्हतं.

आपल्याकडे 1980च्या दशकात शब्द होता ‘स्टोव्हचा भडका’. जळीत वॉर्डात नव्या सुना येत आणि जवळजवळ प्रत्येकीचा स्टोव्ह फुटलेला असे. आंदोलनांच्या रेट्यामुळे 1983 मध्ये भारतीय दंड संहितेत 498-अ कलम आलं. नवऱ्याने किंवा सासरच्यांनी केलेला शारीरिक आणि मानसिक छळ हा गुन्हा ठरला. त्याच दुरुस्तीने लग्नानंतर सात वर्षांच्या आत विवाहितेचा मृत्यू झाला तर चौकशीची वेगळी पद्धत लावून दिली. तेव्हापासून ‘लग्नाला किती वर्षं झाली?’ हा कॅज्युअल्टीतला प्रश्न झाला. मला यातली विसंगती नेहमी टोचते. हा प्रश्न विचारला जातो तो नव्वद टक्के भाजलेल्या बाईला. तीच बाई दोन वर्षांपूर्वी कपाळाला चार टाके घालून गेली, तेव्हा तिला कुणी काही विचारलेलं नसतं.

मृत्युपूर्व जबाबाचंही तेच. नायब तहसीलदार येणार, डॉक्टर रुग्ण शुद्धीवर असल्याचा शेरा देणार, आणि खाटेच्या पायथ्याशी सासू बसलेली. त्या शेऱ्यावरून इतके खटले अडखळले की शेवटी 2002 मध्ये लक्ष्मण विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात घटनापीठाला सांगावं लागलं की केवळ डॉक्टरचा दाखला नाही म्हणून जबाब बाद होत नाही.

दवाखाना ही बाईला मदत मिळण्याची जागा असू शकते, हा विचार हळूहळू रुजला. सर्वोच्च न्यायालयाच्या 1989 च्या परमानंद कटारा निकालाने ‘आधी पोलीस, मग उपचार’ हा रिवाज मोडला. 1990च्या दशकात मलेशियाने सरकारी रुग्णालयांच्या अपघात विभागात एकाच छताखाली डॉक्टर, समुपदेशक आणि पोलीस आणले. तो धडा समोर ठेवून 2000 मध्ये मुंबई महापालिका आणि ‘सेहत’ या संस्थेने वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ केंद्र सुरू केलं. रुग्णालयातच असलेलं देशातलं ते पहिलं केंद्र. त्याचं खरं वेगळेपण इमारतीत नव्हतं. नर्स, ड्रेसर, केसपेपरवाल्यापर्यंत सगळ्यांना ओळखायला आणि विचारायला शिकवलं गेलं.

2005 चा कौटुंबिक हिंसाचार कायदा 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू झाला. त्याच्या नियम 17 मध्ये मोलाच्या गोष्टी आहेत. आधी तक्रार नोंदवलेली नाही म्हणून दवाखान्याला उपचार नाकारता येत नाहीत. घटनेचा अहवाल तयार नसेल तर रुग्णालयाच्या प्रमुखाने तो स्वतः भरून संरक्षण अधिकाऱ्याकडे पाठवायचा. तपासणीच्या अहवालाची प्रत बाईला फुकट द्यायची. एमएलसीचा, म्हणजे पोलिसांशी संबंधित (मेडिको-लीगल) केसचा, फॉर्म डोळे मिटून भरणाऱ्यालाही हा नियम तोंडपाठ असेलच असं नाही.

पुढचा मोठा धक्का पुन्हा आपल्याच भागातून बसला. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतले डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी अत्याचारपीडितांची वैद्यकीय तपासणी किती ढिसाळ आणि अपमानास्पद होते, याचा अहवाल लिहिला. 2010 मध्ये डॉ. रंजना पारधी यांनी नागपूर खंडपीठात जनहित याचिका दाखल केली. त्यातून राज्याला नवी कार्यपद्धती आणावी लागली आणि 2014 मध्ये केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाची मार्गदर्शक तत्त्वं आली. देसाईगंजच्या ‘जखमेची खूण नाही’ पासून इथवर यायला चार दशकं लागली. आता खूण नसणं म्हणजे अत्याचार नसणं नव्हे, हे डॉक्टरच्या कागदावरच छापलेलं आहे.

2015 पासून निर्भया निधीतून ‘सखी’ वन स्टॉप सेंटर सुरू झाली. ती रुग्णालयात किंवा जवळच असावीत, अशी योजनेची अपेक्षा. 2017 मध्ये नागपूर पोलिसांचा ‘भरोसा सेल’ हा महिलांसाठीचा मदत कक्ष आला. 181 या महिला हेल्पलाइन क्रमांकाचे फलक लागले. सोयी वाढल्या यात वाद नाही. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत हिंसा सोसलेल्या 77 टक्के बायकांनी कुणालाच काही सांगितलेलं नव्हतं, आणि मदत मागितलेल्या जेमतेम 14 टक्के होत्या. फलक वाचून येणारी बाई थोडीच. टाके घालायला येणारी पुष्कळ.

म्हणून विचारायचं कसं, हा प्रश्न उरतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2013 मध्ये सांगितलं की सरसकट प्रत्येकीला नको, खुणा दिसल्या तर विचारा; एकटीला विचारा; तिच्यावर विश्वास ठेवा आणि घरी परत जाणं सुरक्षित आहे का ते बघा. जुन्या सिस्टर हे वेगळ्या वाटेने शिकलेल्या असतात. ‘दादा, ही चिठ्ठी घ्या, मेडिकल स्टोअरमधून एवढं आणा,’ म्हणून नवऱ्याला पिटाळायचं, पडदा ओढायचा आणि हळूच म्हणायचं, ‘ताई, घरी कोणी हात उचलते का?’

ती हो म्हणाली तर पोलिसात जायचं की नाही, हे तिचं ती ठरवते. समाजसेवा अधीक्षकाशी गाठ घालून देता येते, रात्रीपुरतं भरती करून घेता येतं. आणि कागदावर तिच्या शब्दांत लिहिता येतं, ‘नवऱ्याने काठीने मारले असे रुग्ण सांगते.’ 1 जुलै 2024 पासून 498-अ ची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम 85 ने घेतली. पण पोटगीचा अर्ज असो वा फौजदारी खटला, वकील तिच्याकडे मागतो तो पहिल्या रात्रीचा केसपेपरच. तोवर तो लिहिणारा इंटर्न कुठल्या तरी दुसऱ्या शहरात एमडी करत असतो, आणि समन्स हातात पडल्यावर स्वतःचंच अक्षर लावत बसतो.