बँक की पतसंस्था? खाते उघडण्याआधी पात्रता, कागदपत्रे आणि आपल्या माहितीची राखण

ठेवपावतीवर मोठ्या अक्षरांत छापलेले नाव आधी शेवटपर्यंत वाचा. 'नागरी सहकारी पतसंस्था मर्यादित' असे असेल तर ती बँक नव्हे, बोलताना आपण तिला कितीही 'आपली बँक' म्हणत असलो तरी. पतसंस्था महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० खाली नोंदलेली असते आणि तिच्यावर सहकार खात्याच्या निबंधकाची देखरेख असते. एकाहून जास्त राज्यांत काम करणारी 'मल्टिस्टेट' असेल तर २००२ चा केंद्रीय कायदा लागू होतो आणि तिचे निबंधक दिल्लीत असतात. तक्रारीची वेळ आली की हे अंतर फार जाणवते. बँकेवर, मग ती नागरी सहकारी बँक का असेना, रिझर्व्ह बँकेचे नियंत्रण असते.

सगळ्यात मोठा फरक ठेवीच्या विम्याचा. बँक बुडाली किंवा तिच्यावर निर्बंध आले तर मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाख रुपयांपर्यंतची रक्कम डीआयसीजीसीच्या, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या ठेव विमा महामंडळाच्या, विम्यातून मिळते. ही मर्यादा ४ फेब्रुवारी २०२० पासून आहे, त्याआधी ती १ लाख होती. ५ लाख हे दर बँकेमागे, दर ठेवीदारामागे असतात. एकाच बँकेच्या तीन शाखांत तीन ठेवी ठेवल्या म्हणून विमा तिप्पट होत नाही. पतसंस्थेला हा विमा लागू नाही. म्हणून निवृत्तीची किंवा जमीन विकून आलेली रक्कम केवळ एक-दीड टक्का जास्त व्याजासाठी पतसंस्थेत ठेवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. पतसंस्थेचा खरा उपयोग कर्जाला आहे. पगाराची चिठ्ठी नसलेल्या भाजीविक्रेत्याला किंवा रिक्षाचालकाला ओळखीवर आणि दोन जामीनदारांवर कर्ज देणारी ती एकमेव जागा असू शकते.

बँकेत काय लागते

बचत खात्यासाठी पॅन लागतो, पॅन नसेल तर फॉर्म ६०. त्याशिवाय ओळख आणि पत्ता यांसाठी पुढीलपैकी एकच कागद पुरतो: पासपोर्ट, वाहन परवाना, मतदार ओळखपत्र, आधार, रोजगार हमीचे जॉबकार्ड किंवा राष्ट्रीय लोकसंख्या नोंदवहीचे पत्र. सोबत अलीकडचा फोटो. आधार नाही म्हणून खाते नाकारता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात बँक खात्याला आधार जोडण्याची सक्ती रद्द केली आहे. मात्र सरकारी अनुदान थेट खात्यात हवे असेल तर आधार द्यावाच लागतो. असे अनुदान पतसंस्थेच्या खात्यात जमा होत नाही, त्यासाठी बँकेचेच खाते हवे.

वरचा एकही कागद नसेल तर फोटो आणि सही किंवा अंगठ्यावर 'लघु खाते' उघडता येते. त्यात एका वेळी ५०,००० पेक्षा जास्त शिल्लक चालत नाही, वर्षाला एकूण जमा १ लाखापर्यंत आणि महिन्याला काढणे १०,००० पर्यंत. हे खाते १२ महिने चालते. या काळात ओळखपत्रासाठी अर्ज केल्याचा पुरावा दिला तर आणखी १२ महिने मिळतात.

पतसंस्थेत काय लागते

इथे नुसते खाते उघडत नाही, आधी सभासद व्हावे लागते. वय १८ पूर्ण हवे आणि राहणे किंवा व्यवसाय संस्थेच्या कार्यक्षेत्रात हवा. पगारदारांची पतसंस्था असेल तर त्याच आस्थापनेतली नोकरी हवी. कार्यक्षेत्र उपविधीत, म्हणजे संस्थेच्या स्वतःच्या नियमावलीत, लिहिलेले असते. अर्जापूर्वी उपविधी वाचायला मागा.

अर्जासोबत ओळख-पत्त्याची झेरॉक्स, पॅन, दोन फोटो, प्रवेश फी आणि भागाची (शेअरची) रक्कम द्यावी लागते. बहुतेक ठिकाणी एका जुन्या सभासदाची शिफारसही लागते. नामनिर्देशनाचा रकाना कोरा सोडू नका, पुढे वारसांना हेलपाटे पडतात. अर्ज संचालक मंडळाच्या सभेपुढे जातो आणि ठराव झाल्यावर सभासदत्व मिळते. नाकारले तर कारणासह लेखी कळवणे बंधनकारक आहे. अर्ज पोचल्यापासून तीन महिन्यांत काहीच कळवले नाही तर १९६० च्या अधिनियमाच्या कलम २२ प्रमाणे तुम्ही सभासद झालात असे मानले जाते. मात्र त्यासाठी अर्जाची शिक्का-तारखेची पोच हातात हवी, आणि लोक नेमकी तीच घेत नाहीत.

नियमित सभासद आणि नाममात्र सभासद यांत फरक आहे. नाममात्र सभासदाला मत नाही, लाभांश नाही. घाईत कर्ज किंवा ठेव करताना नाममात्र सभासदाचा अर्ज पुढे सरकवला जातो, म्हणून सही करण्याआधी अर्जाचे शीर्षक वाचा. लाभांशालाही कायद्याने १५ टक्क्यांची कमाल मर्यादा आहे. त्याहून जास्त देऊ म्हणणारा खोटे बोलतो आहे.

माहिती कुठे जाते

पतसंस्थेचे बळ ओळखीत आहे आणि खाजगीपणाची अडचणही तिथेच आहे. तुमचा अर्ज ज्यांच्यापुढे वाचला जातो ते संचालक तुमच्याच पेठेतले असतात. पिग्मी, म्हणजे रोजची छोटी बचत, दुकानावर येऊन गोळा करणाऱ्याला रोज तुमचा गल्ला दिसतो. कर्ज थकले की नोटीस जामीनदारांच्या दारी जाते, म्हणजे नात्यात बातमी पोचलीच. त्याच अधिनियमाच्या कलम १०१ खाली वसुली दाखला (थकबाकी वसूल करण्याचा निबंधकाचा आदेश) निघाला तर जप्तीपर्यंत प्रकरण जाते. कर्जाची गोष्ट घरच्यांपासून किंवा शेजाऱ्यांपासून दूर ठेवायची असेल, तर गल्लीतली पतसंस्था त्यासाठी योग्य नाही.

बँकेत शेजारी डोकावत नाही, पण माहिती दूरवर जाते. केवायसी, म्हणजे तुमची ओळख-पत्त्याची माहिती, केंद्रीय नोंदणीत चढते आणि तिचा १४ अंकी क्रमांक मिळतो. कर्जाचा प्रत्येक हप्ता सिबिलसारख्या पतमाहिती कंपन्यांकडे (कर्जफेडीचा इतिहास ठेवणाऱ्या) नोंदला जातो. अनेक पतसंस्थांचे कर्ज तिथे दिसत नाही, त्यामुळे वेळेवर फेडूनही सिबिलचा गुणांक सुधारत नाही. खाते उघडण्याच्या अर्जाच्या शेवटी बारीक टायपात 'आमच्या समूह कंपन्या व भागीदार यांना माहिती देण्यास संमती' अशी चौकट असते, आणि काउंटरवरचा कर्मचारी बहुधा तिथे आधीच खूण करून देतो. ती खोडा. खात्यासाठी ती संमती लागत नाही.

आधारची झेरॉक्स देताना १२ पैकी पहिले ८ अंक काळे करा. सर्वात चांगले म्हणजे आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून अंक झाकलेले 'मास्क्ड' आधार उतरवून घ्या. त्यात शेवटचे ४ अंकच दिसतात. मग प्रत्येक झेरॉक्सवर आडवे लिहा: 'फक्त बचत खात्यासाठी', संस्थेचे नाव, तारीख. सही अशी करा की शाई छापील फोटोवरून जाईल. अशी प्रत दुसऱ्या कामाला वापरणे अवघड जाते. झेरॉक्सच्या दुकानात व्हॉट्सअॅपवर पाठवलेली फाइल दुकानाच्या संगणकावर तशीच राहते, ती समोर उभे राहून पुसून घ्या. नामनिर्देशन केल्यावर बँकेच्या पासबुकावर वारसाचे नाव छापायचे की नुसते 'नामनिर्देशन नोंदले' एवढेच, हे तुमच्या मर्जीवर आहे. घरात वाद असेल तर दुसरा पर्याय घ्या.

माहितीच्या अधिकारात कोणी तुमच्या खात्याचा तपशील काढेल का, ही शंका नेहमी विचारली जाते. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१३ मध्ये थलप्पलम प्रकरणात सांगितले की सरकारी पैशावर लक्षणीय अवलंबून नसलेल्या सहकारी संस्था माहिती अधिकार कायद्याखाली येत नाहीत. निबंधकाकडे अर्ज करता येतो, पण खातेदाराची वैयक्तिक माहिती तिथेही सहजी मिळत नाही.

'पतसंस्थेतली ठेव इन्कम टॅक्सला कळत नाही' हा मात्र धोकादायक गैरसमज आहे. ठेवीदारांची माहिती आयकर खाते सहकारी संस्थेकडून मागवू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१३ मध्ये कथिरूर प्रकरणात मान्य केले आहे. टीडीएस (व्याज देतानाच कापला जाणारा कर) कापला नाही तरी व्याज करपात्रच असते. आणखी एक चूक सर्रास होते: नागरी पतसंस्थेत २०,००० किंवा त्याहून जास्त ठेव रोखीने ठेवता येत नाही आणि परतही घेता येत नाही. आधीची शिल्लक धरून हा आकडा मोजतात. रोख घेतलेल्या रकमेएवढाच दंड होऊ शकतो. धनादेश किंवा ऑनलाइन भरणा करा.

पैसे देण्याआधी आणि बाहेर पडताना

बँक असेल तर तिचे नाव डीआयसीजीसीच्या विमाधारक यादीत पाहा. पतसंस्था असेल तर मागचा वार्षिक अहवाल मागा आणि लेखापरीक्षण वर्ग (हिशेब तपासणीत मिळालेली श्रेणी), थकबाकी व संचालकांची स्वतःची कर्जे या तीन गोष्टी पाहा. वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत व्हायला हवी. दोन वर्षे ती झाली नसेल तर तिथे पैसे ठेवू नका. बँकेने तक्रारीला ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट जाता येते, चौकशीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. पतसंस्थेची तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे किंवा जिल्हा उपनिबंधकाकडे लेखी द्यावी लागते.

कर्ज घेताना दिलेल्या कोऱ्या धनादेशांचे क्रमांक वहीत टिपून ठेवा आणि संस्थेकडून त्यांची लेखी पोच घ्या. कर्ज फिटल्यावर बँकेने मिळकतीची मूळ कागदपत्रे ३० दिवसांत परत केली नाहीत, आणि उशीर बँकेमुळे झाला असेल, तर दर दिवशी ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. हा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून आहे. तो पतसंस्थेला लागू नाही. तिथे बेबाकी दाखला (कर्ज पूर्ण फिटल्याचे पत्र), मूळ कागद आणि न वापरलेले धनादेश एकाच दिवशी, एकाच यादीवर सही घेऊन ताब्यात घ्या.