कोठडीऐवजी आपल्या माणसांत: ऑस्ट्रेलियातील आदिवासी मुलांसाठी समाजाने उभ्या केलेल्या वाटा

ऑक्टोबर २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या नॉर्दर्न टेरिटरीत नुकत्याच निवडून आलेल्या कंट्री लिबरल पक्षाच्या सरकारने गुन्ह्यासाठी जबाबदार धरण्याचे किमान वय १२ वरून पुन्हा १० वर आणले. ते १२ होऊन जेमतेम सव्वा वर्ष झाले होते. आपल्याकडे पाचवीत बसणाऱ्या वयाच्या मुलाला आता तिथे अटक करता येते, न्यायालयात उभे करता येते, कोठडीत ठेवता येते. व्यवहारात ते मूल जवळजवळ नेहमीच आदिवासी असते, कारण टेरिटरीच्या बालकोठड्यांत इतर मुले क्वचितच सापडतात. देशभर पाहिले तर १० ते १७ वयोगटात अ‍ॅबोरिजिनल आणि टोरेस सामुद्रधुनीतल्या बेटांवरची मुले सुमारे ६ टक्के आहेत. कोठडीतल्या मुलांत मात्र ती निम्म्याहून अधिक. त्यांतल्या बहुतेकांना शिक्षा झालेली नसते. जामीन न मिळाल्यामुळे किंवा जामिनाची अट मोडल्यामुळे ती आत असतात.

या मुलांना तुरुंगात टाकायचे नाही तर करायचे काय, हा प्रश्न दर निवडणुकीत असा विचारला जातो, जणू त्याचे उत्तर कुणाला सुचलेलेच नाही. आदिवासी वस्त्यांनी गेल्या चाळीस वर्षांत त्याची उत्तरे स्वतः शोधली आणि चालवून दाखवली आहेत. अडचण नेहमी पुढच्या टप्प्यावर आली: त्या कामाला पैसा किती वर्षे मिळणार, आणि निर्णय कोण घेणार.

पोलिसांच्या गाडीकडे आदिवासी कुटुंबे आजही ज्या नजरेने पाहतात, तिला जुना इतिहास आहे. न्यू साउथ वेल्सच्या १९०९ च्या ‘संरक्षण’ कायद्यात १९१५ साली दुरुस्ती झाली आणि आदिवासी मूल न्यायालयात न जाता आईबापांपासून काढून घेण्याचा अधिकार सरकारी मंडळाला मिळाला. मुलींना कूटामुंड्राच्या आणि मुलांना किंचेलाच्या वसतिगृहात ठेवून घरकामासाठी, मजुरीसाठी तयार केले जाई. इतर राज्यांतही असेच कायदे होते आणि हा प्रकार साधारण १९७० पर्यंत चालला. मुले उचलून नेण्याच्या कामात पोलीसच पुढे असत. १९९७ च्या राष्ट्रीय चौकशी अहवालाने हे सगळे नोंदवले. १३ फेब्रुवारी २००८ रोजी पंतप्रधान केव्हिन रड यांनी संसदेत माफी मागितली.

त्याआधी १९८७ ते १९९१ या काळात एका रॉयल कमिशनने, म्हणजे सरकारने नेमलेल्या उच्चाधिकार चौकशी आयोगाने, कोठडीत झालेल्या ९९ आदिवासी मृत्यूंचा तपास केला होता. या ९९ पैकी ४३ जणांना लहानपणी कुटुंबापासून तोडण्यात आले होते. माझ्या मते सगळ्या विषयाची नाळ या एका आकड्यात आहे. बालगृह, बालकोठडी, तुरुंग ही तीन वेगळी खाती नव्हती; एकाच आयुष्यातल्या त्या पायऱ्या होत्या. आयोगाने ३३९ शिफारशी केल्या. तुरुंग हा शेवटचा उपाय असावा, ही एक. आदिवासी मुलांचे कुटुंबापासून तुटणे आणि कोठडीत जाणे थांबवण्यासाठी सरकारने आदिवासी संस्थांशी बसून धोरण ठरवावे, ही दुसरी. पहिलीचा उल्लेख भाषणांत खूप झाला. दुसरी तिच्या मागे झाकली गेली.

वाट पाहत कुणी बसले नव्हते. १९८० च्या दशकाच्या मध्यात टेरिटरीतल्या टेनंट क्रीक गावात जुलालिकारी या आदिवासी परिषदेच्या माणसांनी रात्रीची गस्त सुरू केली. गणवेश नाही, पगार नाही, अटकेचा अधिकार नाही. गावातल्याच वडीलधाऱ्या बायका-पुरुषांनी रात्री फिरायचे, भांडण पेटण्याआधी मध्ये पडायचे, दारू प्यायलेल्याला घरी पोहोचवायचे, रस्त्यावरच्या पोराला त्याच्या मावशीकडे किंवा आजीकडे सोडायचे. कोणते पोर कुणाचे आणि आज रात्री कोणत्या घरात त्याने जाऊ नये, हे त्यांना ठाऊक असे. रॉयल कमिशनने या गस्तीचे कौतुक केले आणि ती कल्पना सगळीकडे पसरली. पण पसरताना तिचा जीव गेला. २००७ मध्ये केंद्र सरकारने टेरिटरीत थेट हस्तक्षेप केला तेव्हा गस्तींना मोठा निधी मिळाला. २००८ मध्ये गावोगावच्या परिषदा बरखास्त करून अनेक गावांचा एकत्र कारभार पाहणाऱ्या ‘शायर’ या मोठ्या प्रशासकीय संस्था नेमल्या गेल्या आणि गस्ती त्यांच्याकडे गेल्या. गाड्या आल्या, नोंदवह्या आल्या, पण कुणी कुठे जायचे हे ठरवण्याचा हक्क गावाच्या हातून निसटला.

वार्लपिरी लोकांच्या युएन्डुमू गावाची हकिगत मात्र सविस्तर सांगायला हवी. अ‍ॅलिस स्प्रिंग्जच्या वायव्येला वाळवंटातले हे गाव. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथली मुले मोठ्या संख्येने पेट्रोल हुंगत होती. डब्यातल्या पेट्रोलची वाफ ओढायची, मग चोऱ्या, मोडतोड, मारामाऱ्या. काही मुलांच्या मेंदूला कायमची इजा. पोलिसांना पकडण्यापलीकडे काही करता येत नव्हते. १९९४ मध्ये गावाने ठरवले की या मुलांना माउंट थिओ इथे न्यायचे. पुतुर्लू नावाने ओळखली जाणारी ही जागा गावापासून सुमारे १६० किलोमीटरवर आहे. पेगी नाम्पिजिन्पा ब्राउन आणि जॉनी हूकर क्रीक जापांगार्डी या वडीलधाऱ्यांनी मुलांना आपल्याजवळ ठेवून घेतले. तिथे कुंपण नव्हते, पण पेट्रोलही नव्हते, आणि चालत परत यायला वाळवंट आडवे होते. मुलांना शिकारीला नेले, कंदमुळे शोधायला लावले, कोणता डोंगर कोणत्या आजोबांचा हे सांगितले, पोटभर खाऊ घातले आणि झोपू दिले.

अँड्र्यू स्टोयानोव्स्की हा गोरा कार्यकर्ता गाडी चालवणे आणि कागदपत्रे सांभाळणे ही कामे करी. कुणाला न्यायचे आणि कधी परत आणायचे हे मात्र वार्लपिरी माणसे ठरवत. युएन्डुमूत परतणाऱ्या मुलाला पुन्हा रिकामी संध्याकाळ मिळाली तर सगळे पाण्यात, हेही त्यांनी ओळखले. म्हणून गावातच रोज खेळ, नाच, चित्रकला, सहली सुरू झाल्या आणि मोठ्या पोरांना लहानांची जबाबदारी दिली गेली. काही वर्षांतच युएन्डुमूतले पेट्रोल हुंगणे जवळपास संपले. वाफेने नशा न देणारे नवे इंधन मध्य ऑस्ट्रेलियात त्यानंतर, २००५ पासून आले, म्हणजे हे यश त्या इंधनाच्या खात्यावर टाकता येत नाही. न्यायालयेही मुलांना तिकडे पाठवू लागली. २००७ मध्ये पेगी, जॉनी आणि अँड्र्यू या तिघांना ऑर्डर ऑफ ऑस्ट्रेलियाचे पदक मिळाले.

त्याच काळात टेरिटरीचे सरकार उलट्या दिशेने चालले होते. १९९७ मध्ये मालमत्तेच्या गुन्ह्यांसाठी सक्तीच्या शिक्षेचा कायदा आला. परिस्थिती पाहून निर्णय देण्याची मुभा न्यायाधीशाला उरली नाही. फेब्रुवारी २००० मध्ये ग्रूट आयलंडचा १५ वर्षांचा एक अनाथ मुलगा घरापासून शेकडो किलोमीटर दूर डार्विनच्या डॉन डेल बालकोठडीत मरण पावला. पेन, रंग अशा किरकोळ वस्तू चोरल्याबद्दल त्याला २८ दिवसांची शिक्षा झाली होती. (मृताचे नाव न उच्चारण्याची रीत अनेक आदिवासी समाजांत आहे, म्हणून इथेही ते लिहिलेले नाही.) सरकार बदलल्यावर २००१ मध्ये तो कायदा गेला. पुढे ग्रूट आयलंडवरच्या अनिंडिल्याक्वा लोकांच्या भूपरिषदेने मॅंगनीज खाणीच्या स्वामित्वधनातून स्वतःची व्यवस्था उभी केली. तंटे मिटवणारी स्थानिक माणसे कुळाकुळांत बसून वाद सोडवतात आणि न्यायालयात मुलाच्या बाजूने उभी राहतात. तिथल्या बालगुन्ह्यांची संख्या अलीकडच्या वर्षांत झपाट्याने खाली आली. त्यांच्याकडे स्वतःचा पैसा होता, त्यामुळे राजधानीत कुणाचा मूड बदलला म्हणून काम थांबले नाही. ही सोय फार थोड्या वस्त्यांकडे आहे.

न्यायालयाच्या आतही जागा करून घेतली गेली. १९९९ मध्ये पोर्ट अ‍ॅडलेडला पहिले नुंगा न्यायालय भरले (नुंगा, कूरी, मरी ही त्या त्या भागातल्या आदिवासींची स्वतःसाठीची नावे). दंडाधिकारी उंच आसनावरून खाली उतरून आरोपीच्या समोर आणि आदिवासी ज्येष्ठांच्या शेजारी बसले. २००२ मध्ये न्यू साउथ वेल्समधल्या नाउरा गावात वर्तुळात बसून शिक्षा ठरवण्याची पद्धत, शेपर्टनमध्ये कूरी न्यायालय आणि ब्रिस्बेनमध्ये मरी न्यायालय सुरू झाले. २०१५ मध्ये पॅरामॅटात खास तरुणांसाठी कूरी न्यायालय उघडले. अनोळखी न्यायाधीशाचे ऐकून घेणे आणि स्वतःच्या आजीच्या मैत्रिणीसमोर मान वर करून उत्तर देणे यांत दुसरे अधिक कठीण जाते, आणि तेच ठरवून केले आहे. तरी या न्यायालयांना मर्यादा आहेत. शेवटी कायदा राज्याचाच लागतो, मूल आरोपी झाल्यावरच तिथे पोहोचते, आणि घरातल्या हिंसेच्या खटल्यांत पीडित बाईचा आवाज ज्येष्ठांच्या मंडळात दबेल का, हा प्रश्न आदिवासी स्त्रियांनीच विचारला आहे. तो रास्त आहे. शिवाय २०१२ मध्ये क्वीन्सलँडमध्ये सरकार बदलले तेव्हा मरी न्यायालय एका फटक्यात बंद झाले; ते परत यायला २०१६ उजाडले. त्याच सरकारने पर्याय म्हणून मुलांसाठी कडक शिस्तीची शिबिरे काढली होती, तीही पुढे गुंडाळावी लागली. ‘पर्याय’ हे नाव दिले म्हणून कुठलेही काम समाजाचे होत नाही.

२५ जुलै २०१६ रोजी एबीसी वाहिनीने डॉन डेलमधली दृश्ये दाखवली: अश्रुधूर सोडलेली मुले, डोक्यावर पिशवी घालून खुर्चीला बांधलेला मुलगा. दुसऱ्याच दिवशी पंतप्रधान टर्नबुल यांनी रॉयल कमिशन जाहीर केले. मार्गारेट व्हाइट आणि मिक गूडा यांच्या आयोगाने नोव्हेंबर २०१७ च्या अहवालात डॉन डेल बंद करा, वय १२ करा, पैसा समाजाकडे वळवा, असे सांगितले. डॉन डेल रिकामी व्हायला सात वर्षे लागली, आणि तिच्या जागी आलेली नवी कोठडी मोठ्यांच्या तुरुंगाला लागूनच आहे. अ‍ॅलिस स्प्रिंग्जची मुलेही आता सुमारे १५०० किलोमीटरवर तिथेच नेली जातात.

न्यू साउथ वेल्समधल्या बर्क या गावाने वेगळ्या बाजूने हात घातला. सिडनीपासून सुमारे ८०० किलोमीटरवर, डार्लिंग नदीकाठी असलेले हे छोटे गाव. न्गेम्बा, बार्किंजी, मुरावारी अशा अनेक समाजांची माणसे इथे राहतात, कारण जुन्या काळी त्यांना आपापल्या भूमीवरून इकडे हलवले गेले. स्थानिक कार्यकर्ते अ‍ॅलिस्टर फर्ग्युसन आणि त्यांचे सहकारी यांनी २०१३ च्या सुमारास मरांगुका हा उपक्रम ‘जस्टिस रीइन्व्हेस्टमेंट’च्या तत्त्वावर उभा केला. ही कल्पना २००३ मध्ये अमेरिकेत मांडली गेली: तुरुंगावर जाणारा पैसा, ज्या वस्तीतून कैदी येतात त्या वस्तीतच आधी खर्च करा. ऑस्ट्रेलियात तिचा जोरदार पुरस्कार प्रथम टॉम कॅल्मा यांनी २००९ च्या सामाजिक न्याय अहवालात केला.

बर्कच्या लोकांनी आधी पोलीस, न्यायालये आणि शाळांकडून स्वतःच्या गावाची आकडेवारी मागवली आणि घराघरांत बसून ती वाचली. त्यातून क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टी वर आल्या. एक म्हणजे गाडीचा परवाना. न्यू साउथ वेल्समध्ये तरुण शिकाऊ चालकाला परवानाधारकासोबत १२० तास गाडी चालवल्याची नोंद द्यावी लागते. ज्या घरात गाडी नाही, परवाना असलेले कुणी नाही, तिथला मुलगा हे तास आणणार कुठून? तो विनापरवाना चालवतो, दंड होतो, दंड थकतो, अटक होते. गावाने शिकवण्याची गाडी आणि शिकवणारा मिळवला. दुसरी गोष्ट जामिनाच्या अटी. रात्री नेमलेल्या घरात नसला की अट मोडली. पण एकत्र कुटुंबातला मुलगा आज काकाकडे, उद्या आजीकडे झोपतो. पोलिसांशी बोलून आधी ताकीद देण्याची पद्धत ठरली. सकाळी पोलीस आणि मरांगुकाचे लोक एकत्र बसून आदल्या रात्रीचा आढावा घेऊ लागले आणि ज्या घरात काही घडले तिथे त्याच दिवशी माणूस जाऊ लागला.

केपीएमजी या सल्लागार संस्थेच्या २०१८ च्या मूल्यमापनात २०१६ च्या तुलनेत २०१७ मध्ये मुलांवर ठेवले गेलेले प्रमुख पाच प्रकारच्या गुन्ह्यांचे आरोप ३८ टक्क्यांनी आणि घरगुती हिंसेच्या नोंदी २३ टक्क्यांनी घटल्या. बारावीपर्यंत टिकणाऱ्या विद्यार्थ्यांत ३१ टक्के वाढ झाली. बारा महिन्यांत सुमारे ३१ लाख डॉलरचा फायदा मोजला गेला. इतक्या लहान गावात एका वर्षाचे आकडे पुढच्या वर्षी हलू शकतात, हे लक्षात ठेवूनच ते वाचावेत. सुरुवातीचा बराच खर्च खासगी दानशूर संस्थांनी उचलला होता, सरकारने नव्हे. एका मुलाला वर्षभर कोठडीत ठेवायला दहा लाख ऑस्ट्रेलियन डॉलरहून अधिक लागतात आणि ते कुठल्याही अर्जाविना मंजूर होतात. बर्कसारख्या गावाला मात्र दर दोन-तीन वर्षांनी आपली गरज नव्याने सिद्ध करावी लागते.

पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या किम्बर्लीत २००० च्या सुमारास चार समाजांच्या ज्येष्ठांनी सुरू केलेला यिरिमन उपक्रम, ज्यात अडचणीतल्या मुलांना घेऊन वडीलधारी पूर्वजांच्या वाटांनी दिवसचे दिवस चालतात, यानेही असाच अनुदानाच्या तारखा मोजत काळ काढला. त्याच राज्यात २०२२ मध्ये मुलांना मोठ्यांच्या कॅज्युअरिना तुरुंगातल्या एका विभागात हलवण्यात आले. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिथे स्वतःला इजा करून घेतलेला १६ वर्षांचा मुलगा दगावला.

कायदा सुधार आयोगाने २०१७ च्या अहवालात जस्टिस रीइन्व्हेस्टमेंटसाठी राष्ट्रीय संस्था सुचवली होती. २०२२ च्या अर्थसंकल्पात केंद्राने ८.१५ कोटी डॉलर ठेवले, त्यातून ३० पर्यंत वस्त्यांना मदत अपेक्षित होती. आदिवासी आणि इतरांमधली दरी मिटवण्याच्या २०२० च्या ‘क्लोजिंग द गॅप’ करारात सगळ्या सरकारांनी आदिवासी मुलांच्या कोठडीचे प्रमाण २०३१ पर्यंत निदान ३० टक्क्यांनी कमी करण्याचे मान्य केले आहे. देश त्या वाटेवर नाही. कॅनबेराच्या राजधानी प्रदेशाने गुन्ह्याच्या जबाबदारीचे वय १४ पर्यंत नेले, व्हिक्टोरियाने १२ चा कायदा केला पण १४ चे वचन सोडले. क्वीन्सलँडने २०२३ मध्ये मुलांना कोठडीत ठेवण्यासाठी स्वतःचाच मानवी हक्क कायदा बाजूला सारला आणि डिसेंबर २०२४ मध्ये ठरावीक गुन्ह्यांसाठी मुलांना मोठ्यांइतकी शिक्षा लागू केली. कराराखाली या सगळ्या सरकारांच्या सह्या आहेत, आणि पोलीस, न्यायालये, कोठड्या राज्यांच्या हाती असल्याने या वस्त्यांतले काम आणि राज्यांचे नवे कायदे सध्या एकाच मुलांवर एकाच वेळी चालू आहेत.