इसांडल्वाना : पेट्या उघडल्या नाहीत म्हणून पराभव?

22 जानेवारी 1879. दक्षिण आफ्रिकेत इसांडल्वानाला झुलू सैन्याने ब्रिटिश छावणी बुडवली. अनेकदा सांगतात की, ब्रिटिशांच्या मार्टिनी-हेन्री रायफलींची काडतुसे स्क्रूंनी बंद पेट्यांत अडकली. स्क्रू ड्रायव्हर सापडेना, म्हणून गोळीबार थांबला.

पेटी पाहिली की हे पटत नाही. जाड लाकडाची, तांब्याच्या दोन पट्ट्या आवळलेली, आत कथलाचा पत्रा. पट्ट्यांना स्क्रू बरेच, पण त्यांना हात लावायची गरजच नव्हती. झाकणाच्या मधोमध सरकती पाचर होती, ती एकाच स्क्रूने धरलेली. घाईत कडेवर रायफलीचा दस्ता हाणला की ती निसटायची. रणांगणावर वाकलेले स्क्रूही सापडले आहेत.

ब्रिटिश अधिकारी डर्नफर्डच्या घोडेस्वारांची काडतुसे संपली हे खरे, पण ते छावणीपासून दूर लढत होते. मूळ चूक वरिष्ठांची. ब्रिटिश सेनापती चेम्सफर्ड पहाटेच निम्मी फौज घेऊन गेला, छावणीभोवती गाड्यांचा कोट नव्हता, उरलेली रांग विरळ पसरली. सुमारे 20,000 झुलूंनी दोन्ही बगलांनी तिला घेरले. स्क्रूला दोष देणे म्हणजे त्यांचे डावपेच आणि शौर्य नाकारणे आहे.