राखीव रिसीव्हर मैदानात कधी उतरतो?

अमेरिकन फुटबॉलमध्ये वाइड रिसीव्हर बहुतेक वेळा कडेला उभा असतो. चाल सुरू झाली की जीव तोडून पळायचं आणि क्वार्टरबॅकने फेकलेला चेंडू झेलायचा, हे त्याचं काम. सामना नीट पाहिला तर हे गडी सारखे आत-बाहेर करताना दिसतात. आपल्या ओळखीच्या फुटबॉलमध्ये एकदा बाहेर गेलेला खेळाडू त्या सामन्यात परत येत नाही. एनएफएल या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये मात्र १९५० पासून बदलांवर मर्यादाच नाही, त्यामुळे दोन चालींपुरता बाहेर बसलेला गडी तिसऱ्या चालीला पुन्हा हजर होतो.

याचं पहिलं कारण स्नायूंमध्ये आहे. एक चाल जेमतेम पाच-सहा सेकंदांची. एवढ्या वेळात पूर्ण वेगाने पळायचं तर श्वासातून येणाऱ्या प्राणवायूची वाट पाहत बसता येत नाही. स्नायूंमध्ये तयार असलेलं एटीपी हे ऊर्जा देणारं रसायन दोन-तीन सेकंदांत संपत येतं आणि ते पुन्हा बनवायला क्रिएटिन फॉस्फेट धावून येतं. त्याचाही साठा तुटपुंजाच. तो निम्मा भरून यायला अर्ध्या मिनिटाच्या आसपास वेळ लागतो, पूर्ण भरायला तीन ते पाच मिनिटं, आणि या भरण्यासाठी मात्र प्राणवायू लागतोच.

आता घड्याळ पाहा. एक चाल संपली की साधारण ४० सेकंदांत पुढची सुरू करावी लागते. चाळीस यार्ड पळून गेलेल्या रिसीव्हरला त्यातच तेवढं अंतर परत यायचं असतं. चेंडू त्याच्याकडे आलाच नाही तरी पळणं चुकत नाही. लगेच पुन्हा पळवला तर त्याचा वेग घटतो, आणि बचावपटूपेक्षा अर्धं पाऊल मागे पडलेल्या रिसीव्हरचा उपयोग काय? डेन्व्हरसारख्या सुमारे १,६०० मीटर उंचीवरच्या शहरात हवा विरळ, तिथे हा साठा आणखी सावकाश भरतो. म्हणून लांब धाव झाली की प्रशिक्षक त्याला एखाद-दुसऱ्या चालीपुरतं बाहेर घेतात.

पण बदलीवर कोणाला पाठवलं, हे समोरचा संघही बघत असतो, आणि खरी गंमत इथेच आहे. एरवी फक्त अडवणुकीसाठी येणारा राखीव गडी उतरला, की बचाव करणारे ओळखतात: आता चेंडू हातात घेऊन पळणार, फेकणार नाहीत. म्हणून हुशार प्रशिक्षक त्याच गड्याला मधूनच लांब पळवतात. शिवाय आक्रमक संघाने बदल केला, तर बचाव करणाऱ्यांनाही बदल करता यावा म्हणून पंच खेळ थोपवून धरतात. प्रत्येक बदलाला असा प्रतिबदल होतो.

राखीव गड्याला त्यामुळे दोन्ही कडा आणि आतली जागा, तिन्ही ठिकाणच्या धावा पाठ असाव्या लागतात. सामन्याच्या दिवशी जास्तीत जास्त ४८ जणांनाच पोशाख चढवता येतो, म्हणून किकच्या वेळीही त्याला राबावं लागतं. न्यू इंग्लंड संघाचा मॅथ्यू स्लेटर कागदावर रिसीव्हर होता. साऱ्या कारकिर्दीत त्याने नियमित हंगामात एकच पास झेलला, पण किकवरच्या कामगिरीसाठी प्रो बोल या निवडक खेळाडूंच्या मानाच्या सामन्याला तब्बल १० वेळा निवडला गेला. माझ्या मते या खेळातल्या सगळ्यात मानाच्या नोंदींपैकी ही एक आहे.

१ फेब्रुवारी २०१५ च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे सिएटल आणि न्यू इंग्लंड यांच्यातल्या एनएफएलच्या अंतिम सामन्यात, बदल-प्रतिबदलाचा हा खेळ अगदी जवळून दिसला. सिएटलचा पॉल रिचर्डसन जानेवारीत गुडघा दुखावून बाद झाला होता. त्यामुळे संधी मिळाली ख्रिस मॅथ्यूजला. सहा फूट पाच इंच उंची, आणि एनएफएलमध्ये तोवर एकही झेल नाही. पहिलाच झेल ४४ यार्डांचा! मग मध्यंतराला दोन सेकंद उरले असताना टचडाउन, म्हणजे चेंडू थेट गोलरेषेपार. एकूण चार झेल, १०९ यार्ड.

न्यू इंग्लंडने उत्तर दिलं तेही बदलीनेच. सहा फूट चार इंचांचा ब्रँडन ब्राउनर मॅथ्यूजच्या मागे लावला आणि दुसऱ्या सत्रात काइल ॲरिंग्टनच्या जागी माल्कम बटलर हा नवखा, ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, कोणीच न निवडलेला कॉर्नरबॅक (रिसीव्हरला रोखणारा बचावपटू) उतरवला. मॅथ्यूजच्या नावावर त्यानंतर मोठा झेल आला नाही.

शेवटी सिएटल चार गुणांनी मागे होतं आणि गोलरेषा एका यार्डावर. त्यांनी तीन रिसीव्हर उतरवले. हे पाहून न्यू इंग्लंडने तिसरा कॉर्नरबॅक म्हणून बटलरला आत पिटाळलं. रिसीव्हर जर्मेन कीअर्सने बटलरची वाट अडवायची आणि रिकार्डो लॉकेटने त्याच्या आडून आत घुसायचं, असा सिएटलचा बेत होता. ब्राउनरने कीअर्सला जागेवरच रोखून धरलं. बटलरला वाट मोकळी मिळाली, तो लॉकेटच्या आधी चेंडूवर पोचला आणि त्यानेच तो झेलला. घड्याळात २० सेकंद उरले होते. न्यू इंग्लंड २८-२४ असं जिंकलं.