मुद्दाम गुंतवलेले प्रोग्राम

लातूर-नांदेडकडच्या महाविद्यालयांत सी ही प्रोग्राम लिहिण्याची भाषा शिकवताना चलांना (व्हेरिएबल्सना) अर्थपूर्ण नावे द्यावीत आणि ओळी नीट मांडाव्यात, असे बजावले जाते, आणि ते योग्यच आहे. मात्र त्यातून दुर्बोध प्रोग्राम म्हणजे कच्च्या हाताचे काम, असा जो समज रुजतो, तो खरा नाही. लँडन कर्ट नोल आणि लॅरी बॅसल यांनी १९८४ साली सुरू केलेली आंतरराष्ट्रीय स्पर्धा सी भाषेतील मुद्दाम दुर्बोध केलेल्या प्रोग्रामांसाठीच आहे, आणि त्यातली उत्तम कामे केवळ पक्क्या जाणकाराच्याच हातून होतात.

या कलेचे मर्म मला एका छोट्या रचनेत दिसते. 'यादी' नावाचा पूर्णांकांचा, म्हणजे ओळीने घरांत ठेवलेल्या मूल्यांचा, अ‍ॅरे घेतला, तर यादी[३] म्हणजे त्यातला चौथा पूर्णांक, कारण मोजणी शून्यापासून होते. कंपायलर, म्हणजे प्रोग्रामचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारे साधन, त्याचा अर्थ एवढाच लावतो, की यादीच्या सुरुवातीच्या, संगणकाच्या स्मृतीतील पत्त्यात ३ घरे मिळवावीत आणि तिथले मूल्य आणावे. सुरुवातीचा पत्ता १००० असेल आणि प्रत्येक पूर्णांक ४ बाइटचा असेल, तर ३ घरे म्हणजे १२ बाइट, म्हणून मूल्य १०१२ या पत्त्यावर सापडते. आता बेरजेत क्रम बदलला तरी उत्तर बदलत नाही, त्यामुळे ३[यादी] हे लिहिणेही सी भाषेत पूर्ण वैध आहे! चाराने कशाला गुणायचे, हे कंपायलर कोण आधी आले यावरून ठरवत नाही. दोहोंपैकी पत्ता कोणता आणि संख्या कोणती, हे तो त्यांच्या प्रकारावरून ओळखतो. माणसाची नजर जिथे अडखळते, तिथे यंत्राला काहीच वेगळे दिसत नाही.

पैठणशी जुने नाते असलेल्या महानुभाव पंथाने आपले ग्रंथ सकळ या सांकेतिक लिपीत लिहिले, ते इतरांपासून राखण्यासाठी. हे प्रोग्राम मात्र उलगडले जावेत म्हणूनच सर्वांसमोर मांडले जातात. म्हणून कोड गुंतवला की अ‍ॅप सुरक्षित झाले, या जाहिरातबाजीवर विश्वास ठेवू नये, कारण जे प्रोसेसरला चालवता येते, ते चिकाटीच्या माणसाला उलगडता येते.

ब्रायन वेस्टली यांच्या १९८८ सालच्या प्रोग्रामचा मजकूरच वर्तुळाच्या आकारात मांडलेला आहे. त्यातले अंडरस्कोर (_) हे चिन्ह मॅक्रो म्हणून, म्हणजे ठरावीक कोडचे संक्षिप्त नाव म्हणून, असे बांधले आहे, की ते येईल तिथे मोजणी पुढे सरकते. अशा रीतीने प्रोग्राम स्वतःचेच क्षेत्रफळ आणि व्यास मोजतो, चौपट क्षेत्रफळाला व्यासाच्या वर्गाने भागतो आणि पाय (π) या गणिती स्थिरांकाची किंमत छापतो. पायची किंमत अधिक अचूक हवी असेल, तर अधिक मोठे वर्तुळ लिहावे लागते.