स्ट्रोकनंतरचे ‘नवे’ न्यूरॉन: पार्श्वभूमी

‘मेंदूत नवीन पेशी तयार होतात ना?’ पुण्यातल्या कुठल्याही न्यूरो-फिजिओथेरपीच्या ओपीडीत नातेवाइकांचा हा प्रश्न ठरलेला. सगळं घोडं ‘नवीन’ या शब्दापाशीच अडतं.

प्रौढ मेंदूत नव्या पेशी तयार होतात का, यावर 1962 मध्ये उंदरांवर पहिलं काम झालं, त्याकडे कुणी फारसं लक्ष दिलं नाही. 1998 मध्ये माणसाच्या हिप्पोकॅम्पसमध्ये (मेंदूतला स्मरणाशी जोडलेला भाग) नव्या पेशी दिसल्या. स्ट्रोकची गोष्ट खरी सुरू होते 2002 पासून. उंदराच्या मेंदूची मधली धमनी अडवल्यावर व्हेंट्रिकलच्या (मेंदूतल्या द्रवाने भरलेल्या पोकळीच्या) भिंतीलगतच्या पूर्वज पेशी, म्हणजे ज्यांपासून नव्या पेशी घडतात त्या, वाढल्या आणि इजा झालेल्या स्ट्रायटमकडे (मेंदूच्या आतला, हालचालींशी जोडलेला भाग) सरकल्या. पुढच्या काही आठवड्यांत त्यांपासून झालेल्या नव्या न्यूरॉनपैकी (मज्जापेशींपैकी) 80 टक्क्यांहून जास्त मेले. स्ट्रोकमध्ये मेलेल्या न्यूरॉनपैकी जेमतेम 0.2 टक्क्यांची जागा भरली. गाजला मात्र पहिला भागच.

आता तो शब्द. ‘नवी’ पेशी बहुतेक वेळा बीआरडीयू (BrdU) या रसायनाच्या खुणेवरून ठरते. पेशी डीएनएची नक्कल करताना हे रसायन थायमिडीनच्या जागी जाऊन बसतं. म्हणजे खूण नकलेची असते, जन्माची नव्हे. रक्तपुरवठा तुटलेला न्यूरॉन मरता मरता डीएनएची नक्कल सुरू करतो, तोही उजळतो. शिवाय ही खूण दिसायला मेंदूचा पातळ काप हायड्रोक्लोरिक आम्लात ठेवून डीएनएचे धागे सुटे करावे लागतात. आम्ल कमी पडलं तर काहीच दिसत नाही, जास्त झालं तर न्यूरॉनची ओळख पटवणारी प्रथिनंच खराब होतात. त्यातून न्यूरॉनला चिकटून बसलेली ग्लिया पेशी (न्यूरॉनला आधार देणारी पेशी) वरून पाहिली तर बीआरडीयूचा आणि न्यूरॉनच्या ओळखीचा असे दोन्ही रंग एकाच पेशीत असल्यासारखे वाटतात. कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकावर थराथराने, बाजूनेही पाहिल्याशिवाय मोजणी मान्य करू नये.

माणसात 2006 मध्ये स्ट्रोकच्या जागेभोवती डबलकॉर्टिनसारख्या (कोवळ्या न्यूरॉनमधलं प्रथिन) खुणा सापडल्या. 2014 मध्ये वेगळा मार्ग धरला गेला. अणुचाचण्यांमुळे हवेत वाढलेला कार्बन-14 डीएनएत नोंदला जातो, त्यावरून पेशीचं वय काढलं. स्ट्रोक झालेल्या कॉर्टेक्समधले (मेंदूच्या बाहेरच्या थरातले) न्यूरॉन रुग्णाच्याच वयाचे निघाले. आमच्या मते हा पुरावा खुणांपेक्षा जड आहे. त्याच वर्षी, त्याच पद्धतीने माणसाच्या स्ट्रायटममध्ये मात्र प्रौढपणी तयार झालेले इंटरन्यूरॉन (जवळच्या न्यूरॉनना जोडणारे न्यूरॉन) आढळले, त्यामुळे दार पुरतं बंद झालेलं नाही.

हिप्पोकॅम्पसमध्ये प्रौढपणी नवे न्यूरॉन तयार होतात की नाही, याबद्दल 2018 मध्ये महिन्याभरात दोन उलटे निष्कर्ष आले. मृत्यूनंतर ऊती फॉर्मॅलिनमध्ये जायला उशीर झाला की डबलकॉर्टिन विरतं, हाही त्या वादातला एक मुद्दा.

ओपीडीत हात पुन्हा उचलला जातो तो मुख्यतः वाचलेल्या न्यूरॉननी नवे फाटे फोडल्यामुळे. त्याला न्यूरोप्लास्टिसिटी म्हणतात, नवे न्यूरॉन नव्हे.