स्पर्शिका वक्राला एकदाच भेटते? नाही!

‘वक्राला एकाच बिंदूत भेटते ती स्पर्शिका’ ही व्याख्या दहावीच्या वर्तुळापुरती ठीक. पुढे ती दगा देते. य = क्ष³ घ्या. (१, १) पाशी स्पर्शिका य = ३क्ष − २. हीच रेषा (−२, −८) मध्ये वक्राला पुन्हा गाठते, तरी ती स्पर्शिकाच. शून्यापाशी तर गंमतच: तिथली स्पर्शिका म्हणजे क्ष-अक्ष, आणि वक्र तो खुशाल ओलांडतो! उलट य = क्ष² ला प्रत्येक उभी रेषा एकदाच छेदते, पण त्यांतली एकही स्पर्शिका नाही.

तेव्हा भेटी मोजू नका, चढ पाहा. क्ष³ वर क्ष = १ आणि क्ष = १.१ चे बिंदू जोडणाऱ्या रेषेचा, म्हणजे छेदिकेचा, चढ ३.३१, १ आणि १.०१ घेतले तर ३.०३०१. दुसरा बिंदू पहिल्याकडे सरकवत न्या, चढ ३ कडे झुकतो. स्पर्शिकेचा चढ तोच.